कुठल्या बाजूशी जुळवू?

"गाडी कुठली?"

नाना पेठेतलं गाड्यांचे रंग जुळवून देणारं दुकान. म्हणजे प्रश्न बरोबरच होता. मी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून काउंटरवर सोडली. आत प्लॅस्टिकची एक करडी वीट, अंगठ्याच्या पेराएवढी, वर आठ गोल टिकल्या.

"हा रंग हवाय. थोडासाच. पन्नास मिली मिळाला तरी पुरे."

काका हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून वीट घेऊन दाराशी गेले. उजेडात धरली, फिरवली, उपडी केली, आतल्या पोकळीत डोकावले. परत आले आणि म्हणाले, "जुळेल की. पण कुठल्या बाजूशी जुळवू?"

ती वीट मी तोपर्यंत शंभरदा हाताळली असेल. पण तिची पाठ, पोट आणि कुशी तीन वेगळ्या रंगांच्या आहेत, हे मला त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर कळलं.

हे सगळं सुरू झालं जुलैत. आईचा वाडा बिल्डरकडे गेला आणि तिचं सामान आमच्याकडे हलवताना माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. खुळखुळला तेव्हाच ओळखलं. मामाचा किल्ला!

मामा मर्चंट नेव्हीत होता. वर्षातून एकदा उगवायचा आणि त्याच्या बॅगेतून साबणाचा, परदेशी साबणाचा, वास येणाऱ्या वस्तू निघायच्या. १९८५ च्या दिवाळीआधी त्यानं रॉटरडॅमच्या बंदरातून एक भलंमोठं खोकं आणलं. लेगोचा किल्ला, नंबर ६०८०, आदल्याच वर्षी बाजारात आलेला. साडेसहाशेच्या वर तुकडे. घोडे, भालेवाले शिपाई, उचलता येणारा पूल, आणि बिजागऱ्यांवर उघडणाऱ्या करड्या भिंती. आमच्या वाड्यात तोवर मेकॅनिक्सचे पत्रे आणि नट-बोल्ट ही खेळण्यांची कमाल मर्यादा होती.

दिवाळीत चौकात आमचा मातीचा किल्ला असायचाच. दगडं रचायची, वर पोतं, पोत्यावर चिखल, चिखलात अळीव पेरायचे. वर सिंहासनावर महाराज आणि उतारावर मावळे, त्यातले निम्मे मान तुटलेले. त्या वर्षी प्रश्न पडला, या परदेशी कोटाचं करायचं काय? कुणीतरी परात आणली, पाणी भरलं, मधे पाट उपडा टाकला आणि त्यावर लेगोचा किल्ला ठेवला. झाला जंजिरा! खऱ्या जंजिऱ्याला मराठ्यांचे हात कधी लागले नाहीत. आमच्या चौकातला मात्र रोज संध्याकाळी फटाक्यांच्या आधी एकदा पडायचा. शेजारच्या एकानं एका बुरुजाला काव फासली होती. किल्ला म्हटला की काव फासायची, इतका साधा त्याचा हिशोब. मी तेव्हा रडलो होतो. डबा उघडला तेव्हा त्या बुरुजाच्या टिकल्यांच्या बुडाशी ती लाल रेघ अजून होती.

दिवाळी झाली की किल्ला पश्चिमेच्या खिडकीत जायचा. पाच-सहा वर्षं तो तिथंच होता. मग दहावी, मग क्लास, मग डबा.

आता मुलीनं आणि मी मिळून तो पुन्हा उभा करायला घेतला. ती बारा वर्षांची आहे आणि या कामात माझ्यापेक्षा वाकबगार. बांधणीची पुस्तिका नेटवर मिळते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. प्रश्न तुकड्यांचा होता. मोजले तर एकतीस करड्या विटा कमी. मुलगी म्हणाली, "माझ्या डब्यात ग्रे भरपूर आहेत, थांब." आणल्या, बसवल्या. टक् करून बसल्या. हे एक मानलं पाहिजे. लेगोनं या विटेचं पेटंट डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ ला दाखल केलं, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. टिकलीच्या मध्यापासून पुढच्या टिकलीच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर, ठरलं ते ठरलं. चाळीस वर्षांचं अंतर असलेल्या दोन विटा पहिल्या भेटीत अशा घट्ट बसतात की वेगळ्या करताना नख दुखतं.

माप जुळलं, रंग जुळला नाही. दरवाज्याच्या कमानीत नव्या विटा अशा दिसत होत्या, की जुन्या कोटाला नव्या टेरिकॉटचं ठिगळ.

"जुन्या मळल्यात, धुवायला पाहिजेत," मुलीनं निदान केलं. धुतल्या. विमचं पाणी, जुना टूथब्रश. स्वच्छ झाल्या, पण फरक तसाच राहिला, उलट आणखी डोळ्यावर आला. जुन्या विटेत पिवळ्या-हिरव्याची एक अंधूक झाक आहे, ओल्या राखेसारखी. नवीत निळ्याची आहे.

हा माझ्या डोळ्यांचा खेळ नव्हता. २००४ च्या सुमाराला लेगोनं खरोखरच तीन रंग बदलले होते: फिका करडा, गडद करडा आणि तपकिरी. दोन्ही करड्यांत निळसर छटा आली, तपकिरीत लाली आली. कंपनीच्या यादीत नव्यांची नावं मीडियम स्टोन ग्रे, डार्क स्टोन ग्रे आणि रेडिश ब्राऊन. मोठ्या वयाच्या लेगोवेड्यांनी नव्या करड्याला ब्लू आणि ग्रे मिळून 'ब्ले' असं नाव ठेवलं, आणि ते नाव प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. कारण उघड आहे. ज्यांनी वीस-वीस वर्षं करडे किल्ले आणि करडी अंतराळयानं जमवली होती, त्यांचा अर्धा बांधलेला बुरुज एका रात्रीत अर्धाच राहिला. मुलांना नवे रंग जास्त ताजे वाटतात, असं तेव्हा सांगण्यात आलं.

कंपनीची बाजूही बघायला हवी. २००३ आणि २००४ ही वर्षं तिच्या इतिहासातली अगदी वाईट, प्रचंड तोट्याची. तुकड्यांचे प्रकार वाढत वाढत बारा हजारांच्या पुढे गेले होते. प्रत्येक आकार गुणिले प्रत्येक रंग, आणि प्रत्येकाचा वेगळा साठा. २००४ मध्ये यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प नावाचा पस्तिशीतला माणूस प्रमुख झाला आणि त्यानं हा पसारा निम्म्यावर आणला. घर बुडायला आलेलं असताना कुणाच्या बुरुजाचा करडा सांभाळत बसायचं? आणि दहा वर्षांच्या मला कुणी दोन्ही विटा हातात देऊन विचारलं असतं, तर मीही बहुधा निळसरच निवडली असती. ती दिसते खरीच ताजी.

मुलीचं म्हणणं याहून सरळ आहे. "बाबा, ग्रे म्हणजे हाच. तुझा ग्रे नाहीये, तो बेज आहे." तिच्या जन्माआधीच रंग बदललेला. तिच्यासाठी बदल झालेलाच नाही.

हा वाद चालू असताना आई हॉलमध्ये शेंगा निवडत होती. तिनं हात पुढे केला, दोन्ही विटा घेतल्या, पाच सेकंद बघितल्या. "हा पारवा आहे आणि हा राखाडी. एक कसा असेल?"

इथे मला जरा थांबलं पाहिजे. माझ्या आईइतकं रंगांचं बघणारं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि ते शिक्षण कुठल्या कलाशाळेत झालेलं नाही. ते झालं लक्ष्मी रोडवर, मॅचिंग सेंटरमध्ये. साडी पिशवीत घालून न्यायची, काउंटरवर पदराचं टोक पसरायचं आणि टू बाय टूचे थान एकेक करून उघडायला लावायचे. माझं लहानपण त्या दुकानांतल्या लाकडी स्टुलावर बसून गेलं. आमसुली, अंजिरी, कुसुंबी, श्रीखंडी, चिंतामणी, मोतिया. आई नाव घ्यायची आणि विक्रेता न बघता मागे हात घालून नेमका तो गठ्ठा काढायचा. मग ठरलेला संवाद. "ताई, तंतोतंत आहे बघा." "असेल हो, पण उजेडात बघू दे." आणि आई एका हातात पदर, दुसऱ्या हातात थानाचं टोक धरून पायरीवर, मागे थान उलगडत येणारा विक्रेता, रस्त्यावर सायकलींची घंटी. दहातल्या सात वेळा बाहेर रंग फुटायचा. ट्यूबलाइटखाली सख्ख्या बहिणी वाटलेले दोन रंग उन्हात एकमेकींना ओळखत नसत. मला ती आईची खोड वाटायची. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात, कारण प्रत्येक दिव्याच्या प्रकाशातलं रंगांचं मिश्रण वेगळं असतं, हे मी खूप नंतर कुठेतरी वाचलं. आईला ते पायरीवर माहीत होतं.

तर नाना पेठेतले काका वीट घेऊन दाराशी गेले तेव्हाच मला त्यांच्याविषयी आदर वाटला. हा माणूस पायरीवर जाणाऱ्यांपैकी होता.

आणि त्यांचा प्रश्न. लेगोची वीट ज्या प्लॅस्टिकची असते त्याला एबीएस म्हणतात. कंपनी १९६३ पासून तेच वापरते. त्याआधीचं सेल्युलोज ॲसिटेट वाकडं व्हायचं. एबीएसमध्ये तीन भिडू आहेत, ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन. त्यातलं ब्युटाडाइन रबरासारखं. वीट पडली तरी फुटत नाही ती त्याच्यामुळे. पण ऊन आणि हवा मिळून पहिल्यांदा त्यालाच गाठतात आणि प्लॅस्टिक पिवळं पडत जातं. पश्चिमेच्या खिडकीत पाच-सहा वर्षं! म्हणजे जी बाजू रस्त्याकडे होती ती सगळ्यात पिवळी. खोलीकडची त्याहून कमी. दुसऱ्या विटेखाली झाकलेला माथा आणखी कमी. आणि पोकळीच्या आत, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथे १९८४ चा मूळ करडा जसाच्या तसा.

"मला आज दिसतो तो रंग हवाय," मी काकांना म्हणालो, फार विचार न करता.

त्यांनी डब्यातून पांढरा घेतला, काळ्याचे थेंब मोजून टाकले, मग पिवळा, मग हिरव्याची नुसती चाहूल. पुठ्ठ्यावर ओढलं, ड्रायरनं वाळवलं, पायरीवर नेलं, परत आणलं. चौथ्या खेपेला थांबले. चहा आला होता, तो थंड झाला. पैसे इतके कमी घेतले की मला लाज वाटली. जाताना बजावलं, "प्लॅस्टिकला हा थेट मारायचा नाही. आधी प्लॅस्टिकचा प्राइमर. आणि थिनर जपून."

मी काय केलं असेल?

घरी आलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. प्राइमर आणायचा राहिला होता. म्हटलं, एका विटेवर बघू तर. रंग घट्ट वाटला म्हणून थिनर ओतला, जरा सढळ हातानं. ब्रश फिरवला. पहिली दहा सेकंदं काय सुंदर दिसत होतं! मग चमक गेली, पृष्ठभाग चिकट झाला आणि मी घाईघाईनं वीट उचलली तर अंगठा तिच्यात रुतला. गाड्यांच्या रंगातला थिनर एबीएसला विरघळवतो. पत्र्याला तो काही करत नाही, म्हणून गाडीवर चालतो. सकाळी वीट पुन्हा टणक झाली होती आणि तिच्या एका कुशीवर माझ्या अंगठ्याचा ठसा होता, रेषा न् रेषा मोजता येईल असा. आधार कार्डाच्या मशीनला जो ठसा तीनदा मागून येत नाही, तो इथे एका फटक्यात आला.

त्या आठवड्यात मी बरंच वाचलं आणि लक्षात आलं की आपण एका सोवळ्या प्रांतात शिरलोय. लेगो जमवणाऱ्यांत कडक मंडळी आहेत. वीट कापायची नाही, चिकटवायची नाही, आणि रंगवायची तर नाहीच नाही. हवी असेल तर जुनीच शोधा. जुन्या मिळतातही, सुट्या तुकड्यांचा मोठा बाजार आहे. ब्रिकलिंक नावाचा, २००० साली एका हौशी माणसानं सुरू केलेला आणि २०१९ मध्ये लेगोनंच विकत घेतलेला. तिथे जुना करडा आणि नवा करडा हे दोन वेगळे रंग म्हणून नोंदलेले आहेत. पण एकतीस विटांसाठी युरोपातून टपाल आणि वर कस्टमचा भरणा, हे गणित मांडलं आणि वही मिटली. शिवाय मला कळेना, त्या विटा कुणाच्या खिडकीत किती वर्षं होत्या, हे कोण सांगणार? त्यांचा पिवळेपणा वेगळाच निघाला तर?

सोवळ्याच्या बाजूनं एक मुद्दा मात्र खरा आहे. या विटेचा रंग वरून लावलेला नसतो, तो प्लॅस्टिकच्या लगद्यातच असतो. वीट घासा, चावा, दोन तुकडे करा, आतून तोच रंग. आपण लावतो ती कातडी. आणि कातडीला जाडी असते. रंगाचे दोन हात म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास काहीतरी. भिंतीवर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ही वीट ज्या साच्यातून निघते त्याची अचूकता मायक्रॉनमध्ये मोजतात. टिकलीवर रंग चढला की एकतर ती बसत नाही, किंवा बसते आणि निघताना रंग सोलून नेते.

यावर उपाय आहे, आणि तो ज्यानं कुणी प्रथम शोधला त्याला माझा नमस्कार. ज्या नव्या विटा रंगवायच्या त्या आधी एकमेकींवर रचून भिंत उभी करायची, वरच्या टिकल्यांवर टाकाऊ विटांचं टोपरं घालायचं, आणि मग फक्त बाहेरून दिसणारी बाजू रंगवायची. जिथे वीट विटेला धरते तिथे रंग पोचतच नाही. वाळल्यावर सांध्यांतून पातळ ब्लेड फिरवायचं, मग सुट्या करायच्या.

पण त्याआधी मी एक उलटा प्रयोग केला. नव्याला जुनं करण्याऐवजी जुन्यालाच नवं करावं, म्हणून. जुने पिवळे पडलेले कॉम्प्युटर उजळायला लोक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन वापरतात. तेच विटांनाही चालतं. औषधाच्या दुकानातून ६ टक्क्यांचं आणलं, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतलं, चार विटा बुडवल्या आणि गच्चीत ऑक्टोबरच्या उन्हात ठेवून दिलं. विटांना बारीक बुडबुडे चिकटले. वर तरंगू नयेत म्हणून त्यांच्यावर वाटी पालथी घातली. दोन दिवस, दर दोन तासांनी जाऊन फिरवायच्या. शेजारच्यांनी विचारलं, लिंबू आहे का? मी हो म्हणालो.

दुसऱ्या संध्याकाळी काढल्या, धुतल्या, पुसल्या. पिवळेपणा जवळजवळ गेला होता. मामानं खोकं उघडलं तेव्हा असाच असणार हा करडा. आणि मला तो ओळखू आला नाही. मी बराच वेळ त्या चार विटा हातात धरून बसलो. मला जो किल्ला आठवतो, परातीतला, दिव्यांच्या उजेडातला, त्याचा रंग हा नव्हता. म्हणजे तेव्हा हाच होता. पण माझ्या डोक्यातला किल्लाही बहुधा इतकी वर्षं पश्चिमेच्या खिडकीतच उभा होता. मुलगी बघून म्हणाली, "आता थोडा तरी ग्रे वाटतोय." मी बरणी रिकामी केली आणि बाकीच्या विटा पिवळ्याच ठेवल्या. नाहीतरी असं उजळवलेलं प्लॅस्टिक पुन्हा पिवळं पडू शकतं.

मग खरं काम. तपशील सांगतो, कारण मजा त्यातच आहे. नव्या विटा साबणानं धुवायच्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायच्या, त्यानं एबीएसला काही होत नाही. हजार नंबरच्या वॉटर पेपरनं दर्शनी बाजूची चमक मोडायची, फार नाही, नुसती आरशाची काच धुक्यात गेल्यासारखी. प्लॅस्टिकचा प्राइमर, एक पातळ हात. (या वेळी आणला.) गाडीचा रंग बाजूला ठेवला आणि शाळेच्या स्टेशनरीच्या दुकानातून ॲक्रिलिकच्या ट्यूब आणल्या. पाण्यात कालवायच्या, विरघळवण्याची भीती नाही. काकांचा पुठ्ठा समोर टेकवून ठेवला होता, उत्तरपत्रिका म्हणून.

नव्या करड्यातला निळा मारायला पिवळा लागतो. पण साधा लिंबी पिवळा घातला तर हिरवं होतं, शेवाळ्यासारखं. यलो ऑकर घातला तर जवळ येतं. रॉ अंबरचा टिपका घातला की आणखी जवळ. मग वाटतं, जमलं. मग ते वाळतं आणि एक छटा गडद होतं, कारण ॲक्रिलिक वाळताना गडद होतंच. मग पांढरा. मग परत पहिल्यापासून. एका रविवारी सकाळी साडेनऊला बसलो आणि बायको जेवायला हाक मारायला आली तेव्हा माझ्यासमोर एकोणीस करडे होते. तिनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आमटी गार होतेय एवढंच म्हणाली.

सगळ्यात जास्त छळलं ते चकाकीनं. रंग जुळला तरी ॲक्रिलिक मातीसारखं निस्तेज वाळतं आणि प्लॅस्टिकला तर एक तुकतुकी असते. रंग सारखा असूनही भिंतीवर तेवढी जागा मेल्यासारखी दिसते. वरून वॉर्निशचा हात दिला तर फार चकाकतं. शेवटी चकाकीचं आणि मॅट असं दोन्ही वॉर्निश अर्धं-अर्धं मिसळलं, तेव्हा कुठे विटेला जीव आला.

आणि काकांचा प्रश्न होताच. कुठल्या बाजूशी? दरवाज्याची कमान रस्त्याकडे होती, ती पिवळी. मागची भिंत कमी. त्यामुळे एक रंग चालणार नव्हता, तीन करावे लागले. शेवटी नमुन्याच्या सहा विटा तयार झाल्या, थोड्या-थोड्या फरकाच्या. मला त्यांतला फरक दिसेनासा झाला होता. एकाच रंगाकडे तासन् तास बघितलं की डोळा लाचार होतो, जे समोर येईल त्याला हो म्हणतो.

आईकडे जायला पाहिजे होतं, पण तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, उजव्या डोळ्याचं. पंधरा दिवस काळा चष्मा. डाव्याचं जानेवारीत. चष्मा निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीत बसली होती. मी सहा विटा तिच्यासमोरच्या स्टुलावर मांडल्या आणि शेजारी किल्ल्याच्या कमानीची खरी जुनी वीट ठेवली.

"यातली कुठली जुळते, सांग."

तिनं विटा खुर्चीच्या हातावर, जिथे ऊन थेट येत होतं तिथे, एकेक करून ठेवल्या. सवयीनं. बराच वेळ बघितलं. भुवया आक्रसल्या. मग डावा डोळा तळव्यानं झाकला. मग उजवा झाकला. पुन्हा डावा.

"गंमतच आहे," ती म्हणाली. "या डोळ्यानं तिसरी जुळते. या डोळ्यानं पाचवी."

मला आधी कळलंच नाही. मग डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंगही पिवळसर होत जातं आणि निळा रंग अडवतं. बदलायचं ऑपरेशन झालं की पांढरं आणि निळं एकदम लख्ख दिसायला लागतं. बँडेज काढल्यावर आईनं पहिली तक्रार केली होती ती हीच, की दवाखान्यातल्या चादरींना कुणीतरी नीळ जास्त घातलीय.

"बरी आठवण झाली," ती पुढे म्हणाली, "माझी ती मोतिया साडी काढ कपाटातून. काल बघितली तर पांढरीफटक! तिच्यावरचा ब्लाउज मी केवढा हिंडून घेतला होता. आता मेला जुळतच नाही."

"मग नक्की कुठली घेऊ? तिसरी की पाचवी?"

तिनं पुन्हा एकेक डोळा झाकून बघितलं. मुलगी तिच्या खुर्चीमागे येऊन उभी होती, तीही एक डोळा मिटून बघायला लागली. तिला अर्थातच दोन्हीकडून सारखंच दिसत होतं, आणि ते तिनं जाहीरही केलं.

"घाई आहे का तुला?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग जानेवारीपर्यंत थांब. दुसरा डोळा होऊ दे."

किल्ला सध्या टीव्हीच्या शेजारी आहे, कमानीत एकतीस विटांचं भोक घेऊन. खरं म्हणजे तीस विटांचं. अंगठ्याचा ठसा असलेली वीट मुलीनं बसवून टाकली, कावेच्या बुरुजाखाली, ठसा बाहेरच्या बाजूला करून. तिचा रंग कशाशीच जुळत नाही. मी ती दोनदा काढून आत फिरवून ठेवली, आणि दोन्ही वेळा सकाळी ती पुन्हा बाहेर तोंड करून होती.